वांग्याला स्थगिती, चोरबीटीला मोकळं रान

जनुकीय बदल केलेली अन्नपिकं नकोतच, असं म्हणणाऱ्यांचे मुख्य आक्षेप तीन: अन्न विषारी होईल, बियाणं कंपन्यांच्या मुठीत जाईल आणि कापसाने आपल्याला धडा शिकवलाच आहे.

पहिला आक्षेप सर्वांत गाजलेला आणि सर्वांत कच्चा. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्यातलं प्रथिन मुळात मातीतल्या बीटी नावाच्याच जिवाणूचं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते मारक ठरतं. माणसाच्या जठरातल्या आम्लात ते पचतं. याच जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीत बिनदिक्कत चालते. बीटी कापूस आपण २००२ पासून पिकवतो. त्याच्या सरकीचं तेल माणसं खातात, पेंड दुभती जनावरं खातात. आणि शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पुनःपुन्हा रासायनिक फवारे मारलेलं आजचं वांगं तरी कुठे निर्विष आहे? याचा अर्थ प्रत्येक नवं जनुक निर्धोक, असा नव्हे. चाचणी पिकागणिक हवीच. पण तंत्राचं नाव ऐकूनच विषाचा शिक्का मारणं म्हणजे चौकशीआधीच शिक्षा.

दुसऱ्या आक्षेपात दम आहे. आपल्याकडे बीटी कापूस प्रामुख्याने संकरित वाणांतून आला, म्हणून दर हंगामाला नवं पाकीट घेणं आलं. पण हा दोष जनुकाचा नाही, धोरणाचा आहे. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीचंच तंत्र वापरून बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याच्या चार वाणांना मंजुरी दिली. ते सरकारी संशोधन संस्थेचे सरळ वाण आहेत. शेतकऱ्याला घरचं बी राखता येतं.

तिसऱ्या आक्षेपातला कापसाचा धडा खरा, पण अर्धाच वाचलेला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरला, कारण बीटीला ती सरावली होती. ती सरावू नये म्हणून पाकिटासोबत मिळणारं १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं बहुतेकांनी पेरलंच नाही. वर फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून, अळीला महिनोन् महिने खाद्य पुरवलं. एकदा जनुक घातलं की काम झालं, असं सांगणाऱ्या समर्थकांनीही हे लक्षात ठेवावं.

मग करायचं काय? ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. स्वतंत्र अभ्यासाची त्यांची अट रास्त होती; मुदत न घालणं रास्त नव्हतं. निर्णय लोंबकळला की बियाणं वाट पाहत नाही. कापसातच पाहा: तणनाशक सोसणारं एचटीबीटी, म्हणजेच चोरबीटी, मंजुरीविना गावोगाव पोहोचलं, आणि २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यात ते जाहीरपणे पेरलं. अशी बंदी बियाणं अडवत नाही, फक्त पावती अडवते. पावती नाही, म्हणून उगवण फसली तर तक्रार नाही, भरपाई नाही, चाचणी तर नाहीच.

म्हणून मागणी अशी हवी: चाचण्यांची सगळी आकडेवारी जनतेसमोर मांडा, कृषी विद्यापीठांतून सरळ वाण द्या, बियाणं फसल्यास विक्रेत्या कंपनीवर दायित्व टाका आणि प्रत्येक अर्जाचा निकाल ठरल्या मुदतीत लावा. नकार असेल तर कारणांसह, होकार असेल तर अटींसह. दोन्ही टाळणारं सरकार सावधगिरी बाळगत नसतं. ते चोरबाजाराला मुभा देत असतं.