थिजलेला ठिपका

पाऊस ओसरला आणि चोरला घाटातले धुके विरळ झाले, की पाळी, वेळगे, सुर्ल, न्हावेली या भागातील तरुणांना दूरच्या रस्त्यांचे वेध लागतात. कोणी बेळगाव-कोल्हापूरवरून पुणे गाठतो, कोणी कारवारच्या बाजूने दक्षिणेस वळतो, एखादा धाडसी थेट लडाखची भाषा बोलू लागतो. पाठीला पिशवी, दुचाकीच्या हँडलला जखडलेला मोबाईल आणि सोबतीला कोणीही नाही, असा हा प्रवास. पूर्वी असा मुलगा घराबाहेर पडला म्हणजे त्याची खुशाली कळावयास परगावच्या एसटीडी बूथवरून येणाऱ्या दूरध्वनीची, आणि त्याही आधी पोस्टकार्डाची वाट पाहावी लागे. आज तो उंबरठा ओलांडतानाच घरच्यांना ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवून मोकळा होतो. मग घरी त्याची आई कामाच्या अधूनमधून मोबाईलच्या काचेवर सरकणारा ठिपका न्याहाळत राहते. साखळी गेली, केरी गेली. त्यापुढे मात्र ठिपका हलत नाही. तुळशीपुढे दिवा लागतो, तरी तो तेथेच!

या थिजलेल्या ठिपक्याचा अर्थ काय? मुलगा चहाला थांबला असेल, मोबाईलची रेंज गेली असेल, बॅटरी संपली असेल, अथवा तो वळणावर घसरून झाडीत पडला असेल. या चारही शक्यतांसाठी नकाशावर खूण एकच आहे. ठिकाण शेवटचे केव्हा कळले, ती वेळ खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते. पण घाबरलेल्या माणसाची नजर तेथवर जात नाही. ज्या साधनाने घरच्यांची चिंता निवारावी, तेच नेमक्या क्षणी ती दुणावते. गोव्यात २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत रस्त्यांवर दर वर्षी अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सर्वाधिक होते. ज्या छोट्या राज्यात ही स्थिती आहे, तेथे हा प्रश्न हौशी पोरांच्या खेळण्याचा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. आकाशातील उपग्रह आपल्यावर डोळा ठेवून असतो व आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक असते, अशी बहुतेकांची समजूत आहे. वस्तुतः जीपीएसच्या उपग्रहाला, किंवा आपल्या देशाच्या ‘नाविक’ प्रणालीतील उपग्रहाला, आपल्या अस्तित्वाचा पत्ताही नसतो. तो केवळ संकेत सोडतो. मोबाईल ते ग्रहण करतो आणि स्वतःची जागा स्वतःच काढतो. हे काम रेंज नसतानाही चालते. पण जागा कळणे वेगळे आणि ती दुसऱ्याला कळवणे वेगळे. कळवण्यासाठी जमिनीवरचा टॉवर लागतो, आणि म्हादई अभयारण्याच्या दाट रानातून चढणाऱ्या चोरला घाटात तो अनेक वळणांवर हाताशी नसतो. अशा ठिकाणी मुलाच्या खिशातील यंत्राला तो कोठे पडला आहे हे मीटरांच्या हिशेबात ठाऊक असते, फक्त ते कोणाला सांगता येत नाही!

बॅटरीचे दुखणे याच्याच पोटी येते. टॉवर जवळ असला की मोबाईल हळू बोलतो. टॉवर दूर गेला की त्याला ओरडावे लागते, आणि टॉवर मुळीच सापडेनासा झाला की तो पुनःपुन्हा शोध घेत राहतो. या ओरडण्याला आणि शोधाला वीज लागते. म्हणजे जेथे मदतीची गरज अधिक, नेमक्या त्याच मुलखात बॅटरी झपाट्याने उतरते. त्यात भर म्हणून रस्ता दाखवण्यासाठी काच सतत उजळलेली, आणि दुपारच्या उन्हात ती दिसावी म्हणून तिचा उजेड कमाल केलेला. सकाळी पूर्ण भरलेली पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरीही अशा वापरात सायंकाळ पाहील याची शाश्वती नाही. दुचाकीला चार्जर बसवला म्हणजे प्रश्न मिटला असेही नव्हे. बॅटरी तापली की मोबाईल आपणहून चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. आयफोनच्या उत्पादकांनीच वापरासाठी पस्तीस अंश तापमानाची मर्यादा सांगितली आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत ती ओलांडावयास आपल्याकडे फार काही लागत नाही. पावसाळ्यात चार्जरच्या तोंडाशी पाणी शिरते. दोनतीन वर्षे वापरलेली बॅटरी नव्याइतकी टिकत नाही, हे तर कोणीही सांगेल. शिवाय एक छुपा शत्रू आहे. वीज वाचवण्याच्या उत्साहात अनेक मोबाईल, पडद्याआड चाललेली स्थान कळवण्याची क्रिया परस्पर बंद करून टाकतात; स्वाराला त्याचा पत्ता नसतो आणि घरच्यांनाही नसतो. व्हॉट्सअॅपवरील लाइव्ह लोकेशनची मुदतही फार तर आठ तासांची असते. पाळीहून पुण्याचा चारशे किलोमीटरांहून अधिकचा पल्ला थांबत-थांबत गाठणाऱ्यास ती पुरत नाही, आणि रस्त्यात ती वाढवण्याची आठवण किती जणांना राहते?

एकट्या प्रवाशाची जागा दुसऱ्याला ठाऊक असणे किती मोलाचे असते, याचे उदाहरण शोधावयास गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. पाळी-कोठंबीच्या काठाने वाहणारी मांडवी पुढे ज्या दिवाडी बेटाला वळसा घालते, तेथल्या जहाजबांधणी कारखान्यात ‘म्हादई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरले. जुन्या पद्धतीने, जीपीएसचा आधार न घेता सागर पार करावा असा त्या शर्यतीचा नियम होता. तथापि प्रत्येक नौकेवर स्थान कळवणारे स्वतंत्र उपग्रह-यंत्र बसवलेले होते आणि किनाऱ्यावर त्यावर अहोरात्र लक्ष होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि त्यांना जागेवरून उठता येईना. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवरून त्यांनी छोट्या यंत्रावरून आपली अवस्था कळवली. नौदलाच्या विमानाने नौका हेरली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. तेथे तीन गोष्टी जुळून आल्या. संकटासाठी राखलेले यंत्र निराळे होते, त्याला टॉवरची गरज नव्हती, आणि पलीकडे कोणीतरी जागे होते.

घाटातल्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला यांतले काय येते? पहिल्या दोन गोष्टी तर आपल्या कायद्यानेच त्याला दुर्लभ केल्या आहेत. उपग्रहाशी थेट बोलणारी यंत्रे परवान्याशिवाय बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशांत डोंगर चढणारे व लांब पल्ल्याचे प्रवासी तळहातात मावणारे जे संदेशयंत्र पिशवीला अडकवून हिंडतात, तेच जवळ सापडल्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात दाबोळी विमानतळावर एका परदेशी पाहुणीवर गुन्हा नोंदवला गेला. मुंबईवर २००८ साली झालेल्या हल्ल्यात अतिरेक्यांनी उपग्रह-दूरध्वनी वापरले होते. तेव्हा सरकारची सावधगिरी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. किनारपट्टीच्या लोकांना तर ते सांगावयासच नको.

पण याच सरकारने मच्छीमारांसाठी वेगळा विचार केला, हे विसरता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेचा प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ती योजना असून तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये आहे. टॉवरच्या आवाक्याबाहेर गेलेला तांडेल या यंत्रावरून आपल्याच देशाच्या उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवू शकतो. यंत्र नोंदणीकृत, मालक ठाऊक, उपग्रह स्वदेशी. मग सुरक्षेला बाध कोठे येतो? जी सोय समुद्रावर निर्धोक ठरली, ती सह्याद्रीच्या कुशीत धोक्याची का ठरावी? नोंदणी करून, ओळखपत्र घेऊन, प्रवासापुरते भाड्याने देता येईल असे साधे संकटयंत्र डोंगरवाटांच्या प्रवाशांसाठी उपलब्ध करावयास अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

पाळीच्या लोकांना या संदर्भात आणखी एक विसंगती बोचल्याशिवाय राहणार नाही. त्यांच्या दारावरून जाणाऱ्या खनिजवाहू ट्रकांना जीपीएस सक्तीचे आहे. बेकायदा खाणींचे प्रकरण, २०१२ ची बंदी आणि त्यानंतरची न्यायालयीन लढाई यांतून सरकारने एवढे शिकून घेतले, की मातीचा ट्रक कोणत्या वाटेने गेला ते कळलेच पाहिजे. टॅक्सी-बसगाड्यांसाठीही स्थानदर्शक यंत्राचा केंद्रीय नियम झाला. त्यातून दुचाकी वगळली गेली. प्रत्येक दुचाकीला अशी सक्ती करावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. नागरिकाने कोठे जावे हे सरकारने पाहत बसणे आम्हास मान्य होणारे नाही. परंतु खनिजाच्या ढिगाचा ठावठिकाणा सांभाळण्यास जी यंत्रणा उभी राहते, तिच्या शतांशानेही खटपट हाकेला धावणाऱ्या यंत्रणेसाठी का होऊ नये?

दोष सर्वस्वी सरकारचाच आहे, असे म्हणून मात्र आपणास सुटता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातील मुले शिकवणीसाठी रेंज शोधत डोंगर चढत होती, ते चित्र सर्वांनी पाहिले व हळहळ व्यक्त केली. त्याच गोव्यात मोबाईल टॉवरचा विषय ग्रामसभेत आला की विरोधाचे ठराव होतात. टॉवर दुसऱ्याच्या वाड्यावर असावा आणि रेंज आपल्या बाल्कनीत यावी, ही अपेक्षा फार दिवस चालणारी नाही. अभयारण्यातील मर्यादा खऱ्या आहेत व त्या पाळल्याच पाहिजेत. पण त्यांच्या आडून लोकवस्तीतल्या टाळाटाळीचे समर्थन होऊ शकत नाही.

राहिली तिसरी गोष्ट, पलीकडे जागे असणाऱ्या माणसाची. ठिपका थांबला की घरचे एकामागून एक फोन लावत सुटतात. रेंज येता-जाता असेल तर त्या प्रत्येक फोनने उरलीसुरली बॅटरी खर्ची पडते, आणि स्वाराने चालत्या गाडीवर तो घ्यावयाचा म्हटले तर ज्याची धास्ती तेच ओढवण्याचा संभव. त्यापेक्षा जुनी रीत बरी होती. अमुक वाजता अमुक गावी पोचेन, तेथून कळवीन. त्यानंतर दोन तासांत निरोप आला नाही तर या क्रमांकावर विचारा, असे सांगून माणूस निघत असे. ही बोली आजही करता येते व तिला बॅटरी लागत नाही. निघताना वाटेतल्या थांब्यांचा कागद घरी ठेवणे, एक साधा बटणांचा मोबाईल बंद करून पिशवीत राखणे, काच काळी ठेवून रस्ता कानांनी ऐकणे, हे उपाय क्षुल्लक दिसतात. पण घाटात तेच उपयोगी पडतात. स्मार्टफोनचे चालू-बंद करण्याचे बटण झटपट तीनदा दाबले की संकटाची हाक जावी, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून विकल्या गेलेल्या मोबाईलना तो लागू आहे. ११२ क्रमांकाला आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा चालतो. हे किती स्वारांना ठाऊक आहे?

एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे. एकटीने दुचाकीवर दूर जाणाऱ्या मुलींची संख्या वाढत आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. मुलगा निघाला की त्याचे लोकेशन काळजी म्हणून मागितले जाते. मुलगी निघाली की तेच पहारा म्हणून मागितले जाते. ही दुसरी मागणी असह्य झाली की ती मुलगी ते बंद करून टाकते, आणि खऱ्या संकटात तिच्या मागावर कोणीच उरत नाही. लोकेशन देणाऱ्याच्या खुशीने दिले, प्रवासापुरते दिले आणि विश्वासाच्या एकदोघांनाच दिले, तरच ते टिकते.

शासनाने उपग्रह-यंत्रांचे धोरण ठरवावयास दिल्लीकडे बोट दाखवले, तर तेवढ्यापुरते ते खरेही आहे. पण काही कामे येथेच, पणजीतूनच होण्याजोगी आहेत. चोरला, अनमोड व तिलारीकडच्या वाटांवर रेंज कोठे तुटते याची पाहणी वाहतूक पोलिसांना एका आठवड्यात करता येईल. जेथे टॉवर शक्य नाही तेथे सौर विजेवर चालणारे, तारेने जोडलेले संकट-दूरध्वनी खांब उभारता येतील. आणि निदान केरीच्या तपासनाक्यावर, पुढे किती किलोमीटर मोबाईल चालणार नाही आणि घाट ओलांडल्यावर तो प्रथम कोठे लागेल, एवढे सांगणारा मराठी-कोंकणी-कन्नड फलक तरी येत्या पर्यटनहंगामापूर्वी लागावयास हवा. तो वाचून स्वार नाक्यावरच दोन मिनिटे थांबेल आणि पाळीला घरी फोन करून सांगेल, की आता तासभर ठिपका हलणार नाही.