जुन्या गाडीचा रंग खरवडताना

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर हद्दपार झाली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. तरी अनेक घरांच्या आवारात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी जपलेली असते. वडिलांनी घेतलेली, बहिणीच्या लग्नात फुलांनी सजलेली. हाताशी चार पैसे जमले की मुलाच्या मनात येते, यंदा हिला नवा रंग द्यायचा.

नवा रंग किती टिकणार, हे जुना रंग कसा काढला यावर ठरते. मात्र सगळीच गाडी पत्र्यापर्यंत उघडी करण्याची गरज नसते. जुना थर घट्ट बसलेला असेल, तर वॉटर पेपरने घासून खरबरीत केला तरी पुरतो. भेगा, पोपडे किंवा फुगे आलेले असतील, तिथे मात्र पत्रा उघडा करायलाच हवा. फुगा म्हणजे बहुधा आतून चढलेला गंज. दरवाजांच्या खालच्या कडा आणि चाकांवरचे मडगार्ड आधी तपासावेत. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते नीट चिकटत नाही, तिथे खाली लांबीचा जाड थर असतो.

घासण्यापूर्वी गाडी साबणाने धुऊन तेल-मेण काढून टाकावे. नाहीतर ते घासताना ओरखड्यांत शिरते आणि नवा रंग तिथे धरत नाही. वाळूच्या झोताने काम झटपट होते, पण बॉनेट आणि छपरासारखा पातळ, सपाट पत्रा त्याने वाकतो. पेंट रिमूव्हर वापरायचा तर काचा, रबर आणि सांधे आधी झाकावेत. सांध्यात राहिलेला रिमूव्हर पुढे नवा रंग उचलतो. एका वेळी एकच भाग घेऊन जाड थर लावावा, रंग सुरकुतला की बोथट पट्टीने काढावा आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे पत्रा स्वच्छ करावा.

आता घरच्यांच्या काळजीची गोष्ट. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसे असू शकते. कोरडे घासले की त्याची बारीक धूळ उडते, अंगणात बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा होते. म्हणून रंग ओला करूनच घासावा. ब्लो लॅम्पने जाळू नये. धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, पोपडे पिशवीत बांधावेत, कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. गर्भवती स्त्रिया आणि मुलांनी तिकडे फिरकू नये.

काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गॅरेजमध्ये खाली साचते आणि शरीरात गेल्यावर तिचा काही अंश कार्बन मोनॉक्साइड बनतो. हृदयरोग्यांना हा धोका मोठा. तोंडाला रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. असा डबा शक्यतो घेऊच नये. कोणताही रिमूव्हर मोकळ्या हवेत, चष्मा आणि योग्य हातमोजे घालूनच हाताळावा.

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच गंजू लागतो. घामेजल्या हाताचा ठसाही पुरतो. म्हणून पावसाळा टाळावा आणि जेवढा पत्रा उघडला, तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा.

आणि एक. डिकीच्या आत, सतरंजीखाली गाडीचा मूळ रंग बहुधा शाबूत असतो. तो आधी पाहून त्याचा नमुना ठेवावा. वेगळाच रंग द्यायचा असेल तर आरटीओत चौकशी करून आरसी बुकातील नोंद बदलून घ्यावी. पण पुष्कळदा तो जुना रंग डिकीत दिसताच घरातले थोरले म्हणतात, “हाच दे रे बाबा, हिला हाच शोभतो.”