कुत्रा आणि शिरका
शिरका हे कुत्र्यास विष नव्हे. परंतु म्हणून ते औषधही ठरत नाही. घरगुती शिरक्यात साधारणतः शेकडा ४ ते ५ भाग अ‍ॅसेटिक आम्ल असते. पुष्कळ पाण्यात मिसळलेला थोडासा शिरका निरोगी कुत्र्यास सहसा बाधत नाही; फार तर वांती होते.

तो पाजल्याने गोचिडी गळतात, या समजुतीस मात्र शास्त्रीय आधार नाही, आणि आमचा आक्षेप आहे तो येथेच. गोचिडींद्वारा पसरणारा बबेसिओसिस हा रोग तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो. पशुवैद्याकडे नेण्याचे दिवस शिरका पाजण्यात गेले, तर जनावर दगावू शकते. तांबड्या पेशींचा नाश कांद्यानेही होतो; तेव्हा उत्तरेकडील ढाब्यांवर मिळणारा शिरक्यातील कांदा कुत्र्यापुढे कौतुकाने टाकू नये.