झोत ओसरला की सरकला?

मोठ्या भूचुंबकीय वादळाच्या ऐन भरात उत्तरेकडच्या एखाद्या वेधशाळेचा एच घटक वर येऊ लागतो आणि आपण लिहून मोकळे होतो : इलेक्ट्रोजेट क्षीण झाला. त्याच वेळचा झेड घटक पाहा. तो जोरात धन झाला असेल तर पश्चिमवाही प्रवाह ओसरलेला नाही, स्थानकाच्या दक्षिणेला सरकला आहे.

एई निर्देशांकाची अडचण नेमकी हीच. डेव्हिस आणि सुगिउरा यांनी १९६६ साली तो मांडला. आज तो भूचुंबकीय अक्षांश ६० ते ७० अंशांच्या आसपासच्या १२ स्थानकांच्या केवळ एच नोंदींवरून काढतात. उपवादळांच्या अभ्यासात त्याला तोड नाही. पण महावादळात ध्रुवप्रकाशाचा पट्टा विषुववृत्ताच्या दिशेने पसरतो आणि शंभरेक किलोमीटर उंचीवरून वाहणारे लाखो अँपिअर या स्थानकांना बगल देऊन जातात. जेव्हा आकडा सर्वांत मोठा यायला हवा, तेव्हाच तो तोकडा पडतो.

याची किंमत जमिनीवर मोजावी लागते. १३ मार्च १९८९ च्या पहाटे क्वेबेकवरचा प्रवाह एकाएकी बदलला. तिथल्या जुन्या कठीण खडकातून वीज सहज वाहत नाही. प्रेरित प्रवाह रोहित्रांच्या न्यूट्रलमधून ७३५ केव्हीच्या लांबलचक वाहिन्यांत शिरला. रोहित्रांचे गाभे संपृक्त झाले, हार्मोनिक्स वाढले, ७ स्टॅटिक कॉम्पेन्सेटर पाठोपाठ ट्रिप झाले आणि दीड मिनिटात अख्खी ग्रिड बसली. सुमारे ६० लाख लोक ९ तास विजेविना राहिले. ग्रिड सांभाळणाऱ्याला जगभराची सरासरी स्थिती कळून भागत नाही. त्याच्या वाहिनीवरचे क्षेत्र दर मिनिटाला किती बदलते आहे, हे त्याला हवे असते.

आपल्या दारातला पेचही याच जातीचा आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले आणि झपाट्याने सावरले. एकट्या वलयप्रवाहाने इतकी चटकन उसळी कशी घ्यावी? ध्रुवीय पट्ट्यातल्या किंवा क्षेत्ररेषांना समांतर वाहणाऱ्या प्रवाहांचा त्यात वाटा होता, असे काही अभ्यासक मानतात. आम्हाला हा तर्क गांभीर्याने तपासण्याजोगा वाटतो.

म्हणून लेखकांना आग्रहाची विनंती : महावादळावरच्या लेखासोबत एकट्या एईचा आलेख पाठवू नका. स्कँडिनेव्हियातल्या इमेजसारख्या उत्तर-दक्षिण साखळीतल्या एच आणि झेड, दोन्ही नोंदी जोडा, आणि प्रवाहाचा मध्य कोणत्या वेळी कोणत्या अक्षांशावर होता ते दाखवा.