टेगार्टचे किल्ले आणि आपले टाइप प्लॅन

जाफाहून जेरुसलेमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अय्यालोन खोऱ्याच्या तोंडाशी, लॅट्रुनचे जुने पोलीस ठाणे उभे आहे. त्याच्या काँक्रीटच्या भिंतीवरचे गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांचे खड्डे अजून कुणी बुजवलेले नाहीत. ब्रिटिशांनी हे ठाणे पॅलेस्टाईन पोलिसांसाठी बांधले. १९४८ च्या मे महिन्यात ब्रिटिश गेले आणि जॉर्डनच्या अरब लीजनने ते हातात घेतले. नवजात इस्रायली सैन्याने मे ते जुलै या काळात त्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले, एकही साधला नाही. शेवटी ठाण्याला वळसा घालून डोंगरातून वेगळा रस्ता काढावा लागला. १९६७ पर्यंत इमारत जॉर्डनकडेच राहिली. आज तिथे इस्रायलच्या चिलखती दलाचे संग्रहालय आहे. काँक्रीटच्या दर्जाचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही गुणनियंत्रण प्रयोगशाळेकडून मिळायचे नाही. पोलीस ठाणे म्हणून इमारत कशी होती, याबद्दल मात्र त्या प्रशस्तिपत्रात चकार शब्द नाही.

या अंकात संरक्षित पोलीस ठाण्यांच्या बांधकामावर दोन तांत्रिक लेख आहेत. स्फोटाचा दाब, भिंतीची जाडी, लोखंडाचे प्रमाण हे सगळे तिथे सविस्तर आले आहे. इथे आम्हाला बोलायचे आहे ते या इमारतीच्या घराण्याबद्दल. आपण जे नकाशे काढतो त्यांचे गोत्र बरेच मागे जाते आणि वाटेत आपल्या दारावरूनही जाते.

चार्ल्स टेगार्ट मूळचा आयर्लंडमधल्या डेरीचा. १९०१ मध्ये तो कलकत्ता पोलिसांत आला आणि १९२३ ते १९३१ तिथला पोलीस आयुक्त राहिला. बंगाली क्रांतिकारकांनी त्याला मारण्यासाठी जंग जंग पछाडले. जानेवारी १९२४ मध्ये गोपीनाथ साहाने टेगार्ट समजून अर्नेस्ट डे नावाच्या भलत्याच गोऱ्याला गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९३० मध्ये डलहौसी चौकात त्याच्या मोटारीवर बॉम्ब पडले, तरी तो वाचला. पॅलेस्टाईनमध्ये १९३६ पासून अरबांचा उठाव पेटला होता. तो आटोक्यात येईना, तेव्हा ब्रिटिश सरकारने डिसेंबर १९३७ मध्ये सल्ल्यासाठी टेगार्टला तिकडे धाडले. सोबत होता डेव्हिड पेट्री, हिंदुस्थानच्या गुप्तवार्ता खात्याचा माजी प्रमुख. साम्राज्यातली पोलिसी विद्या अशीच वसाहती-वसाहतींतून फिरत असे. आयर्लंडच्या सशस्त्र पोलीस दलाचा नमुना चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये लावला, तिथून तो दहा वर्षांत मुंबई इलाख्यात उतरला. शंभर वर्षांनी एक आयरिश माणूस कलकत्त्याचा अनुभव गाठीशी बांधून भूमध्य समुद्राकाठी पोचला, तर त्यात नवल नव्हते.

टेगार्टने सांगितलेल्या उपायांत दोन बांधकामे होती. पहिले, लेबनॉन-सीरियाच्या हद्दीवर काटेरी तारांचे कुंपण. ते १९३८ मध्ये घाईघाईने उभे राहिले, पण शेते आणि गुरचरणी मधोमध चिरणारे कुंपण जगात कुठेही धड टिकत नाही, तसे तेही लोकांनी कापले, उपटले. दुसरे बांधकाम म्हणजे देशभर, मोक्याच्या फाट्यांवर आणि उंचवट्यांवर, भक्कम पोलीस ठाण्यांची साखळी. १९३८ च्या उत्तरार्धात ग्रामीण भागातली कित्येक ठाणी पोलिसांना सोडावी लागली होती, हत्यारे बंडखोरांच्या हाती गेली होती. मागणी हवेतून आलेली नव्हती, एवढे टेगार्टच्या बाजूने म्हटले पाहिजे. नकाशे तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने केले. पन्नासहून अधिक ठाणी उभी राहिली आणि लोक त्यांना ‘टेगार्टचे किल्ले’ म्हणू लागले.

नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणा. मधोमध चौक, चारी बाजूंनी आरसीसीच्या खोल्यांची ओळ, तिची दारे-खिडक्या चौकाकडे. बाहेरच्या अंगाला अरुंद फटी, त्यांना पोलादी झडपा. कोपऱ्यावर मनोरा. आत कोठड्या, शस्त्रागार, कोठार, स्वयंपाकघर, पोलिसांची राहण्याची सोय, वेढा पडला तर पुरेल इतका पाण्याचा साठा. एकच प्रवेशद्वार. आकाराचे दोन-चार नमुने ठरवून तेच जागोजाग वापरलेले, म्हणजे आपल्या भाषेत टाइप प्लॅन. हिशेब, वेग आणि दर्जा या तिन्ही कसोट्यांवर हे काम उत्तम आहे, आणि एखाद्या कार्यकारी अभियंत्याने ते आजही अभिमानाने मिरवावे. फक्त या नकाशात तक्रार घेऊन आलेला माणूस शोधायला गेलात, तर तो फाटकाबाहेर उन्हात उभा दिसेल.

गंमत अशी, की बहुतेक किल्ले १९४० आणि १९४१ मध्ये पुरे झाले. ज्या उठावासाठी ते मागितले होते, तो १९३९ मध्येच संपला होता. मंजुरी, निविदा, काम आणि ताबा या चक्रात परिस्थिती पुढे निघून जाते हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? पुढचा सामना वेगळ्याच मंडळींशी झाला. ज्यू भूमिगत संघटनांनी भिंतीशी डोके आपटण्यापेक्षा दाराचा विचार केला. एप्रिल १९४६ मध्ये रामत गानच्या पोलीस ठाण्यात इर्गुन या त्यांपैकी एका संघटनेची माणसे ब्रिटिश सैनिकांच्या वेशात, ‘पकडलेले अरब कैदी’ घेऊन राजरोस आत शिरली आणि हत्यारे घेऊन बाहेर पडली. २९ सप्टेंबर १९४७ रोजी हैफाच्या पोलीस मुख्यालयाचे उंच कुंपण ओलांडण्यासाठी त्यांनी ट्रकवर घसरण बसवली आणि स्फोटकांनी भरलेले पिंप कुंपणावरून आत फेकले. दहा जण मेले. जितके कुंपण उंच, तितकी ट्रकवरची घसरण उंच. पोलीस कुंपणाआड गेले, रस्त्यावरची खबर त्यांच्या कानी येईनाशी झाली आणि शेवटी किल्ल्यांचा मुख्य उपयोग किल्ल्यांचीच राखण करणे एवढा उरला.

ब्रिटिश गेल्यावर ज्याच्या हाती इमारत, त्याची सत्ता, असा मामला झाला. दक्षिणेकडचे इराक सुवेदानचे ठाणे इजिप्तच्या फौजेने धरले. इस्रायली सैन्याचे सात हल्ले फसले आणि ९ नोव्हेंबर १९४८ रोजी, तोफांच्या जबर माऱ्यानंतर, आठव्या वेळी ते पडले. रामल्लाच्या किल्ल्याची कहाणी सर्वांत लांब. ब्रिटिश, जॉर्डन, इस्रायल असे मालक पाहून तो पॅलेस्टिनी प्रशासनाचा ‘मुकाता’ झाला. २००२ मध्ये इस्रायली बुलडोझरांनी त्याचा मोठा भाग पाडला तेव्हा यासर अराफत आतच कोंडलेले होते आणि आज त्यांची कबर त्याच आवारात आहे. किल्ला मागणाऱ्या टेगार्टच्या कल्पनेत ब्रिटिशांनंतरचा यातला एकही मालक नसणार.

आता आपल्याकडे येऊ. १५ मार्च २००७ च्या रात्री छत्तीसगडमधल्या रानी बोदली इथे एका आश्रमशाळेच्या इमारतीत थाटलेल्या पोलीस चौकीवर माओवाद्यांनी हल्ला केला आणि ५५ जणांना मारले. शाळेच्या भिंतीकडून आणखी काय होणार होते? अशा घटनांनंतर केंद्र सरकारने दहा राज्यांत ४०० संरक्षित पोलीस ठाण्यांची योजना आणली, प्रत्येकी दोन कोटी रुपये खर्चाची. महाराष्ट्रालाही तिच्यातून ठाणी मिळाली. या योजनेची टिंगल करणाऱ्याने आधी रानी बोदलीचा हिशेब द्यावा. शिपायाला रात्री डोळा लागेल एवढी सुरक्षितता त्याच्या हक्काची आहे, त्यावर आमच्याकडे वाद नाही.

पण गडचिरोलीतल्या दोन घटना नकाशा काढताना टेबलावर असाव्यात. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, ते गस्तीवर असताना. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक स्फोटात गेले, तेही रस्त्यावर. ठाण्याची भिंत दोन्ही वेळा काही मैलांवर निर्धास्त उभी होती. भिंतीबाहेरची सुरक्षितता माहितीवर चालते, आणि माहिती देणारा माणूस आपल्या पायांनी आत येतो किंवा येतच नाही. येण्यासाठी त्याला काय ओलांडावे लागते हे आपण ठरवतो, तेही बहुतेकदा लक्षात न घेता.

गडचिरोलीत याची जाण पोलिसांना आपल्या आधी आली, हे कबूल केले पाहिजे. तिथल्या दुर्गम ठाण्यांत आणि पोलीस मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ नावाचा उपक्रम चालतो. गावकरी तिथे दाखले आणि सरकारी योजनांच्या कामांसाठी येतात. जिथे पूर्वी फक्त नेम धरायला फट लागे, तिथे अर्ज घ्यायला खिडकी लागली. ती सुचली पोलिसांना, आपल्या आराखडा शाखेला नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरी आणि जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा इथे एका दिवसात मदत केंद्रे उभी केली गेली, पोर्टा केबिन आणि तयार भिंती वापरून. अशा बांधकामाचा एक गुण आपण पुरेसा ओळखलेला नाही. ते उलगडता येते, हलवता येते, कमी करता येते. टेगार्टच्या काँक्रीटला ही सोय नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. उठाव ओसरत असताना त्याच्यासाठी मंजूर झालेली कामे मात्र प्रशासकीय मान्यतेच्या, निविदेच्या किंवा प्लिंथच्या टप्प्यावर आहेत. हा पॅलेस्टाईनचा १९४० आहे का, याचे उत्तर आम्ही देणार नाही, ते गृहखात्याचे काम. आपल्या हातात आहे तो नकाशा, आणि तो दहा वर्षांनंतरच्या ठाण्याचा असायला हवा: तिथे जमिनीचे वाद येतील, मोटारसायकलचे अपघात येतील, नवऱ्याने मारहाण केलेली बाई येईल. तिला पहारेकऱ्याच्या बंदुकीसमोरून, वाळूच्या पोत्यांमधून, अंगझडती देत ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत जायचे असेल तर ती फाटकातूनच परतेल.

यावर तांत्रिक तोडगे आहेत आणि ते महागही नाहीत. संरक्षणाची मुख्य रेषा निवास, शस्त्रागार आणि मुद्देमाल यांच्याभोवती घ्यावी. तक्रार कक्ष, महिला कक्ष आणि अभ्यागतांचा व्हरांडा तिच्या पुढे, हलक्या बांधणीत ठेवावा, म्हणजे धोका वाढला तर तेवढा भाग रात्री रिकामा करता येतो. रस्त्याकडच्या बाजूला दाराइतकीच सावली आणि बसायला बाक असावा. पिण्याच्या पाण्याचा एक नळ फाटकाबाहेर काढावा. बाहेरची तटबंदी तुकड्या-तुकड्यांची, काढता येईल अशी घ्यावी आणि ती कोणत्या परिस्थितीत काढायची, हे ताबापत्रात लिहून द्यावे. आजवर असा रकाना आम्ही कोणत्याही ताबापत्रात पाहिलेला नाही. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा सर्वांत आधी व्हरांडा जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मनोऱ्याची उंची कमी झाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

ज्या वाचकांनी गेल्या काही वर्षांत अशी ठाणी बांधली आहेत, त्यांनी सुरक्षेच्या दृष्टीने चालेल तेवढाच तपशील आमच्याकडे पाठवावा: फाटकापासून तक्रार घेणाऱ्या टेबलापर्यंतचे अंतर, मधल्या दारांची संख्या, आणि दिवसाला सरासरी किती लोक स्वतःहून आत येतात. शेवटचा आकडा स्टेशन डायरीवरून काढता येईल. त्यासाठी ठाणे अंमलदारासोबत तासभर बसावे लागेल, आणि नकाशा काढण्यापूर्वी तसे बसण्याची पद्धत आपल्या खात्यांत पडली तर आणखी बरे.