हाड जुळले, तोलाचे काय?

घरात पाय घसरून पडलेल्या ज्येष्ठ नागरिकाला रुग्णालयाच्या अपघात विभागात आणले जाते. एक्स-रे काढला जातो. हाड मोडलेले नसले, की मुका मार म्हणून वेदनाशामक गोळ्या आणि ‘आता जपून चाला’ असा सल्ला देऊन रुग्णाची घरी रवानगी होते. मात्र, रुग्ण मुळात पडला का, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. एकदा पडलेली वृद्ध व्यक्ती पुन्हा पडण्याचा धोका दुपटीने वाढतो. त्यामुळे हे मौन महागात पडते.

या प्रश्नाचे उत्तर शोधल्यास काय साधते, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील अभ्यासाने दाखवून दिले. ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पडल्यामुळे अपघात विभागात आलेल्या, ६५ वर्षांवरील ३९७ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील रुग्णांची दृष्टी, तोल, स्मरणशक्ती आणि सुरू असलेली औषधे तपासण्यात आली, तसेच तज्ज्ञांनी घरी जाऊन धोक्याच्या जागा पाहिल्या. वर्षभरात पहिल्या गटात पडण्याच्या ५१० घटना नोंदल्या गेल्या, तर दुसऱ्या गटात अवघ्या १८३.

अर्थात, प्रत्येक प्रयोगाला असे यश आलेले नाही. अमेरिकेत ५,४५१ वृद्धांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०२०) अशा तपासणी व मार्गदर्शनानंतरही गंभीर दुखापतींमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. कागदावरचा सल्ला पुरेसा नसतो, असाच याचा अर्थ लावावा लागेल. नियमित व्यायामाचा लाभ मात्र निर्विवाद आहे. १०८ चाचण्यांच्या २०१९ मधील एकत्रित आढाव्यानुसार व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. पडलेल्या आजी-आजोबांना ‘उठू नका, बसून राहा’ असे प्रेमाने बजावले जाते. धास्तीने हालचाल थांबते, पायांतील बळ सरते आणि पुढचे पडणे जवळ येते. ओलसर न्हाणीघर, रात्रीचा अंधार, झोपेच्या गोळ्या, उठताच रक्तदाब उतरल्याने येणारी भोवळ आणि लांबणीवर टाकलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही कारणे मात्र जागच्या जागी राहतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून ‘आयुष्मान भारत’चे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच. पण ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला पैसा आहे. तो मोडू नये म्हणून करावयाच्या बाह्यरुग्ण तपासणीला आणि न्हाणीघरातील आधाराच्या दांडीला नाही.

गर्दीने वेढलेल्या अपघात विभागातील डॉक्टरांकडून सविस्तर तपासणीची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु घरी सोडतानाच्या कागदावर ‘पडण्याचे कारण’ असा एक रकाना आणि पंधरवड्यातील फेरतपासणीची तारीख लिहिणे अवघड नाही. ती तारीख पाळली जाते की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही कुणावर तरी निश्चित करावी लागेल. अन्यथा तोच रुग्ण पुन्हा त्याच दारात येईल, आणि त्या वेळी दुखापत मुक्या मारावर निभावेलच असे नाही.