टेंभ्याच्या उजेडातील बोहाडा

सुरगाणा तालुक्याच्या डोंगराळ मुलखात मुखवटे घातलेल्या सोंगांचा बोहाडा रात्रीचा रंगतो. संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग पुढे येते आणि टेंभ्याचा उजेड त्याच्या मुखवट्यावर क्षणभर ठरून निसटतो. म्हणूनच छायाचित्रणात फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, या वादाचा निवाडा करावयाचा असेल, तर तो शहरातल्या स्टुडिओत न करता या सोंगांच्या वाटेवर उभे राहून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

४०० एएसएचा रोल घालून त्या उजेडात सोंग टिपावयाचे, तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा आठवा भाग तरी उघडा ठेवावा लागे आणि तेवढ्या अवधीत नाचणारा रावण दहाही तोंडांसह पुसट होऊन जाई. फ्लॅश मारावा, तर मुखवट्याची खोली नाहीशी होई आणि ज्या अंधारातून देवता प्रकट होते, तो अंधारच हद्दपार होई. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ ६४०० वर, म्हणजे सोळा पट संवेदनशीलतेने, तेच सोंग आज सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात स्थिर मिळते आणि गालावरची टेंभ्याची तांबूस झाक शाबूत राहते. शिवाय ३६ चित्रांचा रोल आणि तो धुण्याचा खर्च ज्याला कधी परवडला नसता, तो टेंभा धरणारा पोरगाही आता स्वतःच्या गावचा छायाचित्रकार झाला आहे. हे ऋण मी निःसंकोच मान्य करतो.

परंतु जतनाचा प्रश्न निघाला की माझा कौल फिरतो. कृष्णधवल निगेटिव्हची सहा चित्रांची पट्टी खिडकीशी धरावी, तर ज्योत काळी आणि रात्र पारदर्शक दिसते. ती वाचण्यास यंत्र लागत नाही, डोळा पुरतो. ओलीने तिलाही बुरशी चढते हे खरे, पण ती कोरड्या डब्यात सांभाळता येते; मोबाइल पावसात भिजला की एका घराची दहा वर्षे एकदम बुडतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे दाखल करणाऱ्या या तालुक्याला जुन्या पुराव्याची किंमत मी काय सांगावी?

म्हणून बोहाडा करणाऱ्या प्रत्येक गावाने दरसाल निदान दहा छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावीत; मागे गाव, साल, सोंग आणि मुखवटा घडविणाऱ्याचे नाव लिहावे, आणि तेही शिसपेन्सिलीने, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात शाई फुटते.